ओकेची उसनी कुळं

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आतोबा रोज सकाळी ज्ञानाचा रतीब घालतात. परवा पाळी 'ओके'ची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक दगावत नसे, त्या दिवशी छावणीच्या फळ्यावर शून्य आणि 'के' लिहीत. झिरो किल्ड, म्हणून ओके! खाली अंगठ्यांची ही रांग. मी लिहिलं, "आतोबा, ते युद्ध पेटलं १८६१ साली. 'ओके' छापून आलंय १८३९ साली. बारसं आधी आणि बाळंतपण बावीस वर्षांनी?" आतोबांचं उत्तर आलं, "ओके."

या शब्दाचा जन्मदाखला उपलब्ध आहे, हेच बहुधा लोकांना खुपत असावं. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये एका थट्टेच्या मजकुरात 'ओ. के.' आलं आणि शेजारीच अर्थही दिला होता: 'ऑल करेक्ट'. आता इंग्रजीत 'ऑल' सुरू होतं 'ए'ने आणि 'करेक्ट' 'सी'ने. सगळं बरोबर असल्याचं सांगणारी दोन अक्षरं, आणि दोन्ही चुकलेली. विनोद एवढाच. मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं छापायची खोड तेव्हा तिथल्या पत्रकारांना जडली होती. 'ऑल राइट'चं 'ओ. डब्ल्यू.' करत, 'नो यूज'चं 'के. वाय.' करत. ती पोरं अल्पायुषी ठरली. 'ओके' जगलं ते राजकारणाच्या दुधावर. १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हटलं आणि ओ. के. क्लब काढले. विरोधकांनी लगेच आवई उठवली की, व्हॅन ब्युरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही, तेच कागदांवर 'ओ. के.' असा शेरा मारत. व्हॅन ब्युरेन हरले. पण ती आवई पुढे इतिहास म्हणून खपली. म्हणजे आमच्या आतोबांचा मूळपुरुष १८४० सालचा!

हा सगळा गाळ उपसला कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहिली. साठ वर्षं झाली, पण ती फॉरवर्ड करणारा एकही नातेवाईक मला भेटलेला नाही.

कारण उघड आहे. जगभर बोलला जाणारा शब्द एका फालतू कोटीतून निघाला, हे पचत नाही. त्याला घराणं हवं. ग्रीक माणूस 'ओला काला'कडे बोट दाखवतो, स्कॉटिश 'ऑख आय'कडे. कुणी अमेरिकेतल्या मूळनिवासी चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला 'ओके' पुढे करतो. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ती व्युत्पत्ती इतकी पटली होती की कागदांवर ते चॉक्टॉ धर्तीचं स्पेलिंग करत. राष्ट्राध्यक्षांची ही गत, तर आतोबांना काय बोलणार? आमची गाडी अजून 'ओंकारा'पर्यंत पोचलेली नाही. गणपतीच्या आसपास पोचेल.

ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'चंही तेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत, म्हणून 'ऑन केरोसीन', असं छातीठोकपणे सांगणारे शंभर भेटले. पुरावा दाखवा म्हटलं की चहा मागवतात. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ते शब्द ट्रकवर रंगवायला बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. ते शब्द कुठून आले या भानगडीत न पडता खात्याने त्यांचं काय करायचं ते ठरवलं. सरकारी खात्याचं मी सहसा कौतुक करत नाही, इथे करतो.

वाचकहो, 'ओके'ची जन्मकथा पुढे ढकलण्याआधी तिच्यातलं साल तेवढं पाहा. ते १८३९ च्या पुढचं असेल तर तिथल्या तिथे पुसून टाका.