कातीव खांब आणि निनावी कातारी

बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील खांबांपुढे उभे राहिले असता मराठी माणसाच्या तोंडून सहज एक शब्द निघतो : ‘कातीव!’ आपल्या रसिकतेच्या कोशातील हा मोठ्या मानाचा शब्द होय. शिल्प कातीव असते, देहयष्टी कातीव असते, एखाद्या कवीची शब्दकळाही कातीव असते. परंतु ज्याच्या धंद्यातून हा शब्द आपण उचलला, त्या कातार्‍यासाठी कलावंतांच्या पंगतीत आपण अद्याप पाट मांडलेला नाही. हा केवळ विसर नव्हे; हा पंक्तिप्रपंच आहे.

बेलूरचे मंदिर १११७ सालचे. मऊ शंखजिर्‍याच्या दगडाचे ते खांब फिरवून कातलेले आहेत, असे अभ्यासक मानतात. २०२३ साली होयसळ मंदिरांचा जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हा त्या खांबांना कोणी ‘हस्तव्यवसायाचे नमुने’ म्हटले नाही. मग त्याच कर्नाटकात, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणात, जो माणूस दगडाऐवजी लाकूड फिरवतो, त्याची कृती ‘खेळणे’ का ठरावी?

त्याचे काम एकदा नीट पाहावे. काळ्या कुड्याचे वाळवलेले पांढरे लाकूड लेथवर फिरू लागते. कातारी हत्याराच्या धारेकडे फारसे पाहत नाही. त्याची नजर फिरत्या लाकडाच्या कडरेषेवर असते. आकार तेथे उमटत असतो. धार क्षणभर खोल गेली, तर गेलेले लाकूड परत येत नाही. नंतर तो रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगी बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झळाळी येते. वस्तुमान, कडरेषा, पृष्ठभाग यांचा एवढा विचार ज्या कृतीत आहे, तिला शिल्प न म्हणण्यास कारण कोणते?

कारणे दोन सांगतात. पहिले असे की, कातारी तेच तेच आकार पुन्हा घडवतो. तसे पाहता चोळ शिल्पींनीही नटराजाची एकच मुद्रा पिढ्यान्‌पिढ्या ओतली. त्यांना आपण कारागीर म्हणून वेगळे बसवले नाही. दुसरे कारण, कातकामात गोल आकारापलीकडे जाता येत नाही. ओवीलाही बंधन आहेच. बंधनाने कविता मरत असती, तर मराठीत ज्ञानेश्वरी झाली नसती. प्रत्येक लाटणे कलाकृती असते असा माझा दावा नाही. प्रत्येक पद्यही काव्य नसते. निवड करावी, पण जातीवरून करू नये, कृतीवरून करावी.

परदेशच्या दाखल्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी अमेरिकेतील बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांचे नाव ध्यानात घ्यावे. त्यांनी कातलेले लाकडी वाडगे तेथील संग्रहालयांत कलाकृती म्हणून ठेवलेले आहेत, आणि त्यांच्या नावानिशी.

आपल्याकडे ही फारकत सरकारी कागदावर झाली. १९५२ साली अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले, १९५४ साली ललित कला अकादमी. हेतू दोहोंचेही चांगले. परंतु कातार्‍याची फाइल एका दालनात गेली आणि शिल्पकाराची दुसर्‍या. २०२० साली ते मंडळ बरखास्त झाले. दोन दालनांमधली भिंत मात्र उभीच राहिली. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच. पण त्याने गावाचे नाव राखले, माणसाचे नव्हे. बाराव्या शतकात बेलूरच्या मदनिका घडवणारा दासोज आपले नाव आणि गाव दगडावर कोरून गेला. आज नऊशे वर्षांनी कातारी निनावी आहे!

येथे आपल्या अधिकारीवर्गाने स्वतःकडे वळून पाहावे. बदली झाली की निरोपसमारंभात लाखकामाची एखादी वस्तू आपल्या हाती येते. तिच्यावर खात्याचे नाव असते, आपले असते, तारीखही असते. नसते ते फक्त घडवणार्‍याचे. फायलीवर सही नसेल तर कागद पुढे न सरकवणारे आपण, ही बिनसहीची वस्तू मात्र निमूटपणे स्वीकारतो.

हे सहज बदलता येईल. खरेदीच्या आदेशात एक ओळ घालावी की, वस्तूच्या तळाशी कातार्‍याचे नाव असावे. कलाप्रदर्शनाच्या नियमावलीवर ज्यांचा हात फिरतो, त्यांनी कातकामाला शिल्पविभागात प्रवेश द्यावा आणि परीक्षकांनी त्याला शिल्पाचेच निकष लावावेत. दया नको, राखीव जागा नको, निवाडा हवा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर निदान ‘कातीव’ हा शब्द तरी आपण कातार्‍याला परत करावा.