फ्रेंचमधलं ‘असतो तर’ मराठीतून शिकवा

फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं. डावीकडे अनियमित क्रियापदांची रांग (पुव्वार, साव्वार, वुल्वार, दव्वार, फेर, प्रांद्र) आणि प्रत्येकापुढे सहा-सहा रूपं. वर शीर्षक ‘काँदिसिओनेल पासे’. आपल्या व्याकरणात याला भूतकाळी संकेतार्थ म्हणता येईल: ‘मी आलो असतो’, ‘तिने सांगितलं असतं’ असं बोलण्याची रीत. मुलं ही रूपं ओळीने घोकतात. हे पाठांतर वाया जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे खरी मेहनत घ्यायला हवी, ती जागा त्यामुळे कोरडी राहते.

वर्तमान संकेतार्थात अनियमित क्रियापदं खरोखरच त्रास देतात. पुव्वारचं ‘पुरे’ होतं, साव्वारचं ‘सोरे’, वुल्वारचं ‘वुद्रे’, वनीरचं ‘व्यांद्रे’. प्रत्येकाचं मूळ बदलतं आणि ते लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. भूतकाळी रूपात मात्र ही बदललेली मुळं गळूनच जातात. आव्वार किंवा एत्र या दोन सहायक क्रियापदांपैकी एकाचं रूप, ‘ओरे’ किंवा ‘सरे’, घ्यायचं आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी कृदन्त ठेवायचं. मी करू शकलो असतो: झोरे प्यू. मला कळलं असतं: झोरे स्यू. मी घेतलं असतं: झोरे प्री. मी आलो असतो: झ सरे वन्यू. सहायक क्रियापदाला लागणारे प्रत्यय मुलांनी अपूर्ण भूतकाळात आधीच शिकलेले असतात. क्रियापद कितीही अनियमित असो, त्याचा एकच शब्द माहीत असावा लागतो. तोही नवा नसतो. साधा भूतकाळ, म्हणजे ‘पासे काँपोझे’, शिकताना तो येऊन गेलेला असतो.

ही कृदन्तं कुळाकुळाने शिकवली तर मनात टिकतात. ‘यू’ने संपणारं कूळ मोठं आहे: प्यू, स्यू, पाहण्याचं व्यू, वाचण्याचं ल्यू, पिण्याचं ब्यू, जगण्याचं वेक्यू. घेणं, ठेवणं, शिकणं यांची प्री, मी, आप्री. सांगणं आणि लिहिणं यांची दी, एक्री. उघडणं, देऊ करणं, सोसणं यांची उवेर, ऑफेर, सुफेर. एत्रचं ‘एते’ मात्र एकांडं. दव्वारच्या ‘द्यू’वर लिहिताना टोपीसारखं चिन्ह येतं, तेही फक्त पुल्लिंगी एकवचनात. १९९० च्या लेखनसुधारणेत अशी बरीच चिन्हं ऐच्छिक झाली, पण हे राखलं गेलं, कारण त्याच अक्षरांचा दुसरा एक शब्द फ्रेंचमध्ये पावलोपावली येतो.

मग चूक होते कुठे? १९६२ साली इव रोबेर यांनी लुई पेर्गो यांच्या १९१२ मधल्या कादंबरीवरून ‘ला गेर दे बुताँ’ हा चित्रपट केला. दोन गावांतल्या पोरांच्या लुटुपुटीच्या लढाईची ती गोष्ट. त्यातला सर्वांत लहान मुलगा, प्ती जिब्यूस, ‘ठाऊक असतं तर आलो नसतो’ अशा अर्थाचं एक वाक्य म्हणतो, आणि त्या वाक्यातलं अशुद्ध व्याकरण फ्रान्समध्ये आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या वाक्यात दोन अनियमित क्रियापदं आहेत आणि दोघांचीही कृदन्तं त्या पोराने अचूक उच्चारली आहेत. चुकली आहेत ती दुसरीच दोन ठिकाणं: ‘जर’च्या, म्हणजे ‘सी’च्या, पाठोपाठ त्याने संकेतार्थ आणला, आणि येण्याच्या क्रियापदाला एत्रऐवजी आव्वार जोडलं. आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतही नेमक्या याच दोन जागी लाल शाई सांडते.

आपल्याकडचे फ्रेंचचे वर्ग बहुतेक इंग्रजीच्या आधाराने चालतात, अगदी मुंबई-पुण्याच्या मराठी मुलांनी भरलेले असले तरी. या काळापुरता हा आधार अपुरा आहे. इंग्रजीत या जागी सहायक क्रियापद एकच, आणि कर्ता बाई असो की पुरुष, कर्म एक असो की दहा, रूप तेच राहतं. मराठीत तसं नाही. तो आला असता, ती आली असती, त्या आल्या असत्या. फ्रेंच एत्रबरोबर असंच वागते. स्त्रीलिंग आणि अनेकवचन कृदन्तावर लिहावंच लागतं. आव्वारबरोबर कृदन्त एरवी बदलत नाही, पण कर्म आधी येऊन गेलं असेल तर त्याच्याप्रमाणे बदलतं. ‘मी लिहिली असती ती चिठ्ठी’ हे फ्रेंचमध्ये ‘ला लेत्र क झोरे एक्रीत’. इथे ‘एक्री’चं ‘एक्रीत’ झालेलं कानालाही ऐकू येतं. चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, कागद लिहिला, असं बोलत वाढलेल्या मुलाला क्रियापदाने कर्माकडे पाहणं ही कल्पना नव्याने समजवावी लागत नाही. तरी आपण त्याला ती इंग्रजीतून समजावतो आणि तो गोंधळतो.

सहायक क्रियापद निवडतानाही मराठी कामी येते. ‘सोर्तीर’ हे एकच फ्रेंच क्रियापद कधी एत्र घेतं, कधी आव्वार. मराठीत त्याची दोन वेगळी क्रियापदं आहेत. ‘मी बाहेर पडलो असतो’ याला एत्र, ‘मी गाडी बाहेर काढली असती’ याला आव्वार. उतरणं आणि उतरवणं, चढणं आणि चढवणं, या जोड्यांनीही तोच भेद लख्ख दिसतो. मात्र ‘मी आलो’, ‘मी गेलो’ अशी धाटणी दिसली की डोळे मिटून एत्र लावू नये. हसलो, झोपलो, धावलो हेही तसेच दिसतात आणि फ्रेंचमध्ये तिघंही आव्वार घेतात. एत्र घेणाऱ्या क्रियापदांची यादी छोटी आहे, तेवढी मात्र पाठ हवी.

‘सी’च्या बाबतीत मराठी आपल्याला पक्कं फसवते. ‘मला कळलं असतं तर मी थांबलो असतो’ या वाक्याच्या दोन्ही अंगांत आपण तेच ‘असणं’ वापरतो, त्यामुळे प्ती जिब्यूसची चूक मराठी कानाला चूक वाटतच नाही. फ्रेंचमध्ये ‘सी’च्या बाजूला पूर्ण भूतकाळ येतो आणि संकेतार्थ फक्त परिणामाच्या बाजूला: सी झावे स्यू, झोरे आताँद्यू. ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही, अशा अर्थाची एक कोटी फ्रेंच शाळांत मुलांना शिकवली जाते. इथे इंग्रजीची वाक्यरचना जवळची आहे, तेव्हा या एका मुद्द्यासाठी शिक्षकांनी तिचा आधार खुशाल घ्यावा.

आणखी एक वापर आपल्या पाठ्यक्रमांत फार उशिरा येतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. फ्रेंच वर्तमानपत्रात ‘ल मिनिस्त्र ओरे देमिसिओने’ असा मथळा दिसला तर त्याचा अर्थ ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असा नसतो. ‘मंत्र्याने राजीनामा दिल्याचं समजतं’ असा असतो. पुष्टी न झालेली बातमी देताना फ्रेंच पत्रकार हेच रूप वापरतात. ज्याने हा काळ केवळ ‘जर-तर’च्या वाक्यांत घोकला आहे, तो अशी बातमी उलटी वाचतो. तक्ता बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर त्या तक्त्याला गुण कशाचे द्यायचे?

म्हणून फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा धडा येईल तेव्हा फळ्यावर आधी तीन मराठी वाक्यं लिहा: ती आली असती, मी चिठ्ठी लिहिली असती, मी गाडी बाहेर काढली असती. मुलांकडून त्यांची फ्रेंच रूपं करून घ्या. अनियमित क्रियापदांचा तक्ता त्यानंतर हवा तर द्या.