वेळवंडी आणि येळवंडी : प्रमाणभाषेच्या शेजारची निनावी बोली

भोर तालुक्यात भाटघर येथे जी नदी अडवली आहे तिचे नाव आज मराठी कागदपत्रांत 'वेळवंडी' असे लिहिले जाते. इंग्रजी अंमलातील नोंदींत मात्र ती 'येळवंडी' आहे, आणि काठच्या खेड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडीही तेच रूप असते. कानाला जसे ऐकू आले तसे परक्या अधिकाऱ्याने रोमन लिपीत उतरवले आणि आपल्या शिकलेल्या माणसाने ते 'शुद्ध' करून घेतले, असा हा प्रकार दिसतो. नदीच्या नावातील एका अक्षराचा हा फरक किरकोळ वाटेल. परंतु पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातील बोलीकडे आपण, विशेषतः मराठीचे अध्यापक, कोणत्या दृष्टीने पाहतो याचा उलगडा त्यातून चांगला होतो.

प्रथम त्या अक्षराचाच विचार करू. या भागात 'वेळ' हा 'येळ' होतो, 'वेस' ही 'येस', 'वेताळ' हा 'येताळ'. त्याचप्रमाणे 'विहीर' ही 'इहीर', 'विळा' हा 'इळा' आणि 'विस्तव' हा 'इस्तू' होतो. पण 'वाट' कधी 'आट' होत नाही, 'वारा' कधी 'आरा' होत नाही. म्हणजे शब्दारंभीचा 'व' सरसकट गळत नाही. तो 'इ' आणि 'ए' या पुढच्या स्वरांपूर्वीच गळतो, आणि उरलेल्या 'ए'ला 'य'ची जोड मिळते. उलट बाजूस 'ओढा', 'ओझे', 'ओळख' यांतील आरंभीच्या 'ओ'ला 'व'ची जोड मिळून 'वढा', 'वझं', 'वळख' अशी रूपे होतात. पुढच्या स्वराला 'य', मागच्या स्वराला 'व' : इतकी रेखीव व्यवस्था व्याकरणकाराने मुद्दाम बसवावी तशी येथे आपोआप बसलेली आहे. संस्कृतातून आलेला नवा शब्दही तिच्यातून सुटत नाही. 'विचार' हा 'इचार' होतो आणि आकाशातले 'विमान' हे 'इमान' होते. नियम जिवंत असल्याची याहून चांगली खूण कोणती असणार? शिवाय 'एक' हा शब्द 'येक' असा उच्चारणारे सदाशिव पेठेतही काही कमी नाहीत. ते तसा लिहीत नाहीत, एवढेच.

जुन्या मराठीच्या हस्तलिखितांत आणि मोडी कागदांत 'येक', 'वोवी', 'वोखटें' ही लेखने ठायी ठायी भेटतात. ती आपण आदराने वाचतो, त्यांवर टिपा लिहितो. तीच प्रवृत्ती भोरजवळच्या शाळेतील मुलाच्या वहीत 'वढा' किंवा 'येळ' या रूपात प्रकट झाली की तीवर लाल रेघ येते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'बोली म्हणजे जुनी मराठी, म्हणून ती आदरणीय' असा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर तर तो अधिकच सोयीचा झाला आहे. तो टिकणारा नाही. याच बोलीतील 'पानी', 'कोन', 'आपन' ही रूपे घ्या. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा 'ण' झाला होता. 'पाणी'तला 'ण' हा तो वारसा आहे. 'पानी' म्हणणाऱ्या बोलींत 'ण' आणि 'न' एकत्र आले ते नंतर. म्हणजे 'ये'च्या बाबतीत खेड्यातला उच्चार जुन्या लेखनाशी जुळतो, तर 'ण'च्या बाबतीत पुणेरी उच्चार जुना ठरतो. वयाच्या दाखल्यावर प्रतिष्ठा वाटायची तर एकाच माणसाच्या एका वाक्यातील एक शब्द शुद्ध आणि दुसरा अशुद्ध ठरवावा लागेल. बोलीचा हक्क तिच्या वयावर नाही, तिच्या नियमबद्धतेवर आणि ती बोलणाऱ्या माणसांवर उभा आहे.

मग ही बोली अभ्यासकांच्या नजरेतून का निसटते? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण तिचे पुण्याशी असलेले सान्निध्य हेच आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी या बोलींना नावे आहेत. म्हणून त्यांची व्याकरणे होतात, कोश होतात, संमेलने होतात. पुणे जिल्ह्यातील खेडूत बोलीला नाव नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात देशावरची मराठी हीच प्रमाण मराठी म्हणून येते आणि इतर बोली तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षण मालेत महाडच्या कुणबी बोलीला स्वतंत्र खंड मिळाला. वरंधा घाट चढून वर आले की भोर तालुका लागतो. पण घाटमाथ्यावर आलो की आपण प्रमाणभाषेच्या प्रदेशात आलो असे गृहीत धरले जाते. दूरची बोली ती 'बोली' आणि जवळची बोली ती 'चूक', असा हा न्याय आहे. ज्यांना नाव नाही त्यांना व्याकरणही नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे.

साहित्यानेही येथे फारसा हात दिलेला नाही. माडगूळकरांमुळे माणदेशाला आणि आनंद यादवांच्या 'गोतावळा'मुळे (१९७१) कागल परिसराच्या बोलीला वाङ्मयीन ओळख मिळाली. मावळच्या बोलीला तशी ओळख लाभली नाही. उलट ऐतिहासिक नाटक-चित्रपटांतील मावळा एक ठोकळेबाज 'ग्रामीण' भाषा बोलतो, जी थोडी कोल्हापूरची, थोडी साताऱ्याची आणि पुष्कळशी रंगभूमीची असते. ज्या मुलखातून जेध्यांची शकावली आली, त्या मुलखातील माणसे खरोखर कशी बोलत असतील, हा प्रश्न संवादलेखकांना पडलेला दिसत नाही.

'मावळची बोली' असे म्हणतानाही ती एकसंध आहे असा समज होऊ नये. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. दरबार, कचेरी आणि शाळा यांमुळे गावात एक सुशिक्षित, बहुशः ब्राह्मणी वळणाची मराठी नांदली, आणि हाकेच्या अंतरावरील खोऱ्यांत कुणबी-मराठ्यांची दुसरी. महादेव कोळी, धनगर, पूर्वीचे महार यांच्या बोलण्यातील छटा निराळ्या. कातकऱ्यांची घरची बोली तर स्वतंत्रच. जलाशयाच्या वरच्या अंगाला राब, तरवा, चिखलणी, खाचर, इरले ही भाताची आणि पावसाची शब्दसृष्टी आहे. ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात पुरे केलेल्या लॉइड धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसकडे जाते; तेथे पाट, चारी, पाळी, पाटकरी ही उसाची आणि कालव्याची शब्दसृष्टी. पाणी तेच, शब्द वेगळे. (धरण लॉइडचे आणि जलाशय येसाजी कंकांचा, हाही नावांच्या इतिहासाचा एक नमुनाच.) बोलींच्या सीमा तालुक्याच्या नकाशावर शोधणाऱ्याने आधी पीक आणि पाणी पाहावे.

शिवाय एकच माणूस एकच बोली बोलतो असेही नाही. शिवारात 'इहीर' म्हणणारा शेतकरी तहसील कचेरीतील अर्जात 'विहीर' लिहितो, मुंबईहून गणपतीला आलेला भाऊ दोन्हींच्या मध्ये कोठेतरी बोलतो, आणि कॉलेजला जाणारी मुलगी आजीशी एक व मैत्रिणीशी दुसरे रूप वापरते. हे भाषिक कौशल्य आहे; त्याला आपण गोंधळ म्हणतो. या कौशल्याला शाळेत भीतीची जोड मिळाली की 'विमाण', 'मण' अशी अतिशुद्ध रूपे जन्मतात. ज्या मुलाला 'तुझ्या तोंडी न येतो तेथे ण हवा' एवढेच सांगितले जाते, ते मूल ण कोठेही पेरते. दोन व्यवस्था शेजारी ठेवून कोणती कोठे चालते हे सांगणे अवघड नाही. त्यासाठी शिक्षकाला पहिली व्यवस्था आहे हे ठाऊक असावे लागते. प्रमाणलेखन शिकवूच नये असे येथे मुळीच म्हणायचे नाही. अर्ज, परीक्षा, न्यायालय यांची भाषा त्या मुलाला यायलाच हवी, आणि 'बोलीचा अभिमान' या नावाखाली ती त्याच्यापासून दूर ठेवणे हा दुसरा अन्याय होईल.

आपल्या विद्यापीठीय प्रबंधांनी या बाबतीत आजवर बहुधा सोपी वाट धरली आहे : एक तालुका, पन्नास म्हणी, दोनशे शब्दांची यादी, आणि 'ही बोली नष्ट होत आहे' असा निष्कर्ष. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणात प्रत्यक्ष बोलण्याचे ध्वनिमुद्रण गोळा करून ते सर्वांसाठी खुले केले आहे. तेथून पुढे जायचे तर खोरेनिहाय आणि घरनिहाय जावे लागेल. भाटघरच्या वरचे एक गाव, खालचे एक गाव, भोरमधील एक आळी आणि एक कातकरी वस्ती. प्रत्येक ठिकाणी तीन पिढ्या, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. घरात, बाजारात आणि कचेरीत. आणि विचारायचे ते 'तुमच्याकडे अमक्याला काय म्हणतात' एवढेच नव्हे, तर कोणाशी बोलताना 'येळ' आणि कोणाशी 'वेळ', हे. एम.ए.च्या वर्गांतून भोर-वेल्ह्याकडची मुले आजही आपल्यासमोर बसतात. पहिले मुद्रण त्यांनी आपल्याच घरी करावे.