आधी ऐकून कोण घेतं?

फेब्रुवारी 2015 मध्ये, महाशिवरात्रीच्या तोंडावर, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये हिंदू मंदिराच्या भिंतीवर कुणीतरी स्प्रेने नाझी स्वस्तिक काढलं आणि लिहिलं, ‘गेट आउट’. देवळाचंच शुभचिन्ह देवळावर शिवी म्हणून! जवळच्या स्कायव्ह्यू शाळेच्या भिंतीवर हाच हुकूम मुसलमानांना होता. अशी बातमी वाचताना आपण नकळत भिंतीच्या आत उभे राहतो. ते साहजिकच आहे. पण मग रंग मारणारा हात तिथवर पोहोचला कसा, हा प्रश्न राहूनच जातो.

बातमीत हे उत्तर मावत नाही, मालिकेत मावतं, मग द्वेष कुठल्याही रंगाचा असो. ‘कॅलिफेट’ या 2020 च्या स्वीडिश मालिकेत स्टॉकहोमच्या शाळकरी मुलींना सीरियातल्या आयसिसच्या वाटेला लावणारा कुणी डोळे वटारणारा खलनायक नाही, तो शाळेतला मदतनीस आहे. तो मुलींचं ऐकून घेतो, त्यांच्या रागाला दिशा देतो. घरचे मात्र काळजी करतात, ओरडतात, आणि उशिरा जागे होतात. ‘शिकलेल्या घरात असलं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी कल्याण आठवावं. मे 2014 मध्ये तिथले चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि आयसिसकडे वळले. त्यातला नोव्हेंबरमध्ये परतलेला तरुण सिव्हिल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता.

अशा मालिका अतिरेक्यांना मोठं करतात, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘द स्टेट’ या 2017 च्या ब्रिटिश मालिकेवर ती भरतीची जाहिरात असल्याची टीका झाली. पण सीरियात, आयसिसच्या रक्काला गेलेल्यांना सुरुवातीला तिथे काय गोड लागलं हे दाखवलंच नाही, तर पुढचा भ्रमनिरास प्रेक्षकाला कळणार कसा? बळी पडलेल्यांना पडद्यावर कमी जागा मिळते, ही तक्रार मला जास्त पटते. तरीही कारण शोधलं म्हणजे गुन्हा माफ झाला, असं होत नाही. पत्रकारांना आणि ज्यूविरोधी द्वेषाशी लढणाऱ्यांना धमकीची पोस्टर्स पाठवणाऱ्या नवनाझी टोळीच्या म्होरक्याला सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली, ती योग्यच होती. पण शिक्षा होते ती अशा एखाद्या मदतनिसाचं काम फत्ते झाल्यावर. मुलाच्या खोलीचं दार लागतं ते त्याच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा बहुतेक घरांत विचारलं जातं ते एवढंच: अभ्यास झाला का?