पडद्यामागचे मुनीम

कला महाविद्यालयात संगणकाचे काय काम, असा प्रश्न व्यापारी कुटुंबांत आजही सहज विचारला जातो. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यांना पुस्तक आणि खडू पुरेसे, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः या विद्यांचा आणि यंत्राचा संबंध पाऊणशे वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ एका धर्मगुरूच्या अडचणीतून झाला.

इटलीतील जेझुइट विद्वान रोबेर्तो बुसा हे तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांचा अभ्यास करीत होते. 'मध्ये' या अर्थाच्या एका इवल्याशा लॅटिन शब्दाचा माग काढण्यासाठी त्यांनी १०,००० चिठ्ठ्या स्वहस्ते लिहिल्या. समग्र वाङ्मयाची सूची अशा रीतीने एका आयुष्यात पुरी होणे नाही, हे ओळखून १९४९ मध्ये त्यांनी आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची न्यूयॉर्क येथे भेट घेतली. कंपनीचे साहाय्य मिळाले आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांवर काम सुरू झाले. सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची ही सूची ५६ छापील खंडांत १९८० मध्ये पूर्ण झाली.

बुसा यांचे नाव इतिहासात अमर झाले. परंतु ती कार्डे कोणी भरली? मिलानजवळच्या गल्लाराते गावातील तरुण मुलींनी. त्यांतील बहुतेकींना लॅटिन येत नव्हते. तरीही अक्षरामागून अक्षर त्या अचूकपणे टिपत राहिल्या. खंडांच्या कीर्तीत त्यांचा उल्लेख दीर्घकाळ झाला नाही. अलीकडे ज्युलियान नायहन या अभ्यासिकेने त्यांतील काहींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांच्या श्रमाची रीतसर नोंद झाली. पेढीचे नाव मालकाचे, पण रोजमेळ जुळविणारा मुनीम निराळाच असतो, त्यातलाच हा प्रकार.

मानव्यविद्यांच्या महाविद्यालयातील तंत्रसाहाय्य विभाग म्हणजे आजचे हे मुनीमच होत. वर्गातील प्रोजेक्टर चालू करून देणे, संकेतशब्द विसरलेल्या प्राध्यापकाची सोय लावणे, हे त्यांचे दृश्य काम. अदृश्य काम मात्र फार मोठे: जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे नीट क्रमाने लावणे, मजकूर शोधता येईल अशा रूपात आणणे आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी राखणे. ऑक्सफर्ड विद्यापीठात संगणकीय ग्रंथसंहितांचा संग्रह १९७६ मध्येच सुरू झाला. संहिता कशी नोंदवावी याचे समान नियम असावेत म्हणून १९८७ मध्ये विद्वानांनी आंतरराष्ट्रीय उपक्रम हाती घेतला. एका दुकानाची खतावणी दुसऱ्या दुकानाला वाचता यावी, असाच तो प्रयत्न होता.

हे काम दुर्लक्षिले तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तेथील जमीन आणि महसूल यांची प्रख्यात नोंदवही १०८६ सालची. तिला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लोकजीवनाची नवी नोंद लेझर तबकड्यांवर केली. जेमतेम पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. चामड्यावरील नऊ शतकांपूर्वीची वही मात्र वाचता येतच होती. अखेर लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील तंत्रज्ञांना जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली रचून नवी नोंद वाचवावी लागली. साठविणे आणि सांभाळणे यांत किती अंतर आहे, ते येथे दिसते.

या सेवेचा लाभ मराठीलाही झाला आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे आज कोणालाही घरबसल्या, विनामूल्य पाहता येते. शब्द विचारणाऱ्या वाचकाला तो तेथे टंकित करणाऱ्याचे नाव ठाऊक नसते.

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी कला शाखेकडे वळू पाहत असेल आणि संगणकाचीही ओढ असेल, तर ही दोन टोके परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. आणि एखादे कुटुंब महाविद्यालयाला संगणक देणगी देणार असेल, तर त्याने तो सांभाळणाऱ्याच्या वेतनाचाही विचार करावा. वही विकत घेता येते. ती रोज लिहिणारा माणूस मात्र जपावा लागतो.