“गॅस झाला” म्हणून किती दिवस काढायचे?

हा लेख बायांसाठी आहे, पण घरातल्या पुरुषांनीही वाचावा. दवाखान्यात न्यायचं की नाही हे बहुतेक घरांत अजून तेच ठरवतात.

माझी मावशी राळेगाव तालुक्यातली. कापूस वेचणीच्या दिवसांत ती म्हणाली, “दोन घास खाल्ले का पोट डब्ब होते व माय.” आम्ही म्हटलं, गॅस आहे. ओवा झाला, हिंग झाला, मेडिकलातून गोळ्या आणून झाल्या. गावातल्या डॉक्टरने दोनदा सलाईन लावली. कंबर दुखायची, तर दिवसभर वाकून वेचणी करते म्हणून दुखते म्हटलं. रात्री चारदा लघवीला उठायची, तर वय झालं म्हटलं. हातपाय वाळत चालले आणि परकराची नाडी मात्र पुरेना, तेव्हा शेजारीण कौतुकाने म्हणाली, मावशीचं अंग सुटलं! सहाव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. पोटात पाणी भरलेलं आणि अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात. पुढे ती चौदा महिने जगली. मी नर्स आहे, आणि “गॅस आहे” म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

या आजाराला मुका आजार म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या हा कॅन्सर झालेल्या 1,725 बायांना विचारून 2000 साली एक अभ्यास झाला. त्यातल्या 95 टक्के बायांनी सांगितलं की निदानाआधी आम्हाला त्रास होत होता. तो त्रास बहुतेक पोटाचाच होता, म्हणून तो पित्तात आणि गॅसात जमा झाला. मावशीचंही तेच झालं. ती बोलली होती, आम्ही ऐकलं नाही.

त्रास कोणता, तर पोट फुगणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं आणि लघवीची सारखी घाई. आता कोणी म्हणेल, हे तर आमच्या वस्तीत दर दुसऱ्या बाईला आहे. खरं आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पण साधा गॅस येतो नि जातो. हा त्रास नव्याने सुरू होतो आणि जात नाही. आधी असं कधी होत नव्हतं, आता महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होतं, आणि हे वर्षभराच्या आतलंच आहे, असं असेल तर थांबू नका. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा पाळी गेलेल्या बाईने तर दोन-तीन आठवड्यांपलीकडे वाट पाहूच नये. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर त्याच दिवशी निघा.

दोन गैरसमज मला वस्तीत फार दिसतात. पहिला, “माझी पिशवी काढली, मला काय होते?” गर्भपिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळे. पिशवी काढताना बऱ्याचदा अंडाशय ठेवतात. आपल्याकडे पिशव्या काढण्याचं प्रमाण किती, हे 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या चौकशीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. या बायांपैकी कितीजणींना अंडाशय ठेवलेत की काढलेत हे कोणी सांगितलं असेल? तुमचं ऑपरेशन झालं असेल तर जुना कागद शोधा आणि डॉक्टरांना विचारा. दुसरा गैरसमज शिबिराचा. शिबिरात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होते, ती जरूर करावी. पण त्यात अंडाशय दिसत नाही. “शिबिरात सगळं नॉर्मल निघालं” म्हणून पोटाचं दुखणं अंगावर काढू नका.

उलट बाजूही सांगते. काहीही त्रास नसताना सीए-125 ही रक्ताची तपासणी पॅकेजमध्ये करून घेऊ नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर निरोगी बायांवर याचा मोठा अभ्यास झाला. 2021 मध्ये निकाल आला की अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. पोटाच्या टीबीतही हा आकडा वाढतो, गाठी असल्या तरी वाढतो. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नका, आणि तो पाहून कोणी घाईने ऑपरेशन करायला निघालं तर थांबवा. त्रास असेल तेव्हा मात्र हीच तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी तोंडाने मागून घ्यायची. आई, बहीण, आत्या, आजी यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगायचं. बापाकडचं नातंही यात धरतात.

तपासणीसाठी यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. संशय असेल तर पहिलं ऑपरेशनच कॅन्सरच्या सर्जनकडे व्हावं, त्याने फार फरक पडतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, सावकाराकडे नंतरही जाता येईल. रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, हे मला कळतं. पण पहिल्या टप्प्यात सापडलं तर दहातल्या नऊ बाया पाच वर्षांच्या पुढे जगतात. उशीर झाला की तिघींतली एक.

वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होतं, सगळ्या बाया जमतात. एका दिवशी वाचन झाल्यावर पंधरा मिनिटं यावर बोला. आशाताईला बोलवा. पुरुषांना बाहेर बसवू नका. आणि ज्या बाईचं पोट फुगतं तिच्या घरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशेब लिहितो तिथंच, त्रास झाला त्या दिवसावर फुली मारायला सांगा. लिहिता येत नसेल तर नातीने मारावी. महिन्याच्या शेवटी बारापेक्षा जास्त फुल्या दिसल्या तर ते पान फाडून डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचं.