भंगार, रद्दी आणि हजेरीपट

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामानिमित्त वरच्या आसामात जाण्याचा योग आला. तिनसुकियातील बैठक अपेक्षेपेक्षा लवकर आटोपली, म्हणून दिग्बोईचे तेल संग्रहालय पाहून घेतले. गाव लहान आणि टुमदार आहे. भोवती चहाचे मळे, आणि मध्ये १९०१ सालापासून चालत आलेला तेलशुद्धीकरण कारखाना. येथे १८८९ मध्ये खोदावयास घेतलेली पहिली विहीर आजही जपून ठेवली आहे. हत्तीच्या पायाला तेल लागले आणि साहेब मजुराला ‘डिग, बॉय’ म्हणाला, यावरून गावाचे नाव पडले, ही कथा तेथे प्रत्येक जण सांगतो. माझा तिच्यावर विश्वास नाही, परंतु ती ऐकावयास बरी वाटते. खोदकामाची जुनी यंत्रे नीट रंगवून ठेवलेली पाहून मला आनंदच झाला.

मात्र आनंदाबरोबर एक हिशेबही मनात सुरू झाला. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही खोड जात नाही. हे संग्रहालय येथे का आहे? कारखाना जिवंत आहे म्हणून. १८९९ मध्ये आसाम ऑइल कंपनी स्थापन झाली, १९२१ मध्ये ती बर्मा ऑइलच्या ताब्यात गेली, १९८१ मध्ये सरकारने ती घेऊन इंडियन ऑइलमध्ये विलीन केली. मालक बदलले, पण मालक नाही असा दिवस उगवला नाही. जपणूक करणारा कोणीतरी होता आणि त्याच्यापाशी पैसाही होता.

आता कोलारच्या सोन्याच्या खाणी घ्या. १९०२ साली शिवनसमुद्राची वीज जेथे पोहोचली, जेथे माणसे तीन किलोमीटरहून अधिक खोल उतरत, त्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तेथील आठवणींचा मालक कोण? कानपूरच्या गिरण्यांच्या आठवणींचा कोण? सार्वजनिक उपक्रम बंद होतो तेव्हा जमिनीचे मूल्यांकन होते, यंत्रांचे वजन होते, झाडेसुद्धा मोजली जातात. कागदांचे मात्र काहीच होत नाही. ते भंगाराबरोबर जातात.

कायदा नाही असे मुळीच नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालील महामंडळांनाही लागू आहे. प्रत्येक अभिलेख-निर्मात्याने एक अभिलेख अधिकारी नेमावा, आणि विहित रीतीखेरीज एकही कागद नष्ट करू नये, असे तो सांगतो. पण उपक्रम बंद करण्याचा आदेश निघतो तेव्हा हा कायदा कोणालाच आठवत नाही. अभिलेख अधिकारी तर बहुधा स्वेच्छानिवृत्तीच्या पहिल्याच यादीत असतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण यातला एक गुन्हेगार मी आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी उपसचिव असताना एका बंद उपक्रमाच्या मालमत्तेची नस्ती माझ्याकडे आली. नावाला येथे महत्त्व नाही. परिशिष्टात ‘जुने कागद व वह्या’ अशी एक ओळ होती. गोदाम रिकामे करण्याची घाई होती, लेखापरीक्षकाचा आक्षेप यावयाचा होता. मी ‘प्रस्ताव मान्य करण्यास हरकत नसावी’ अशी टिपणी लिहून सही केली. त्या कागदांत काय आहे, हे विचारले नाही.

दोन वर्षांनी एक वृद्ध फिटर माझ्या खोलीत आला. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत त्याची काही वर्षे गळाली होती. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्याची कागदोपत्री नऊही भरत नव्हती. तो हिंदीत अतिशय नम्रपणे म्हणाला, “साहेब, हजेरीपटावर माझे नाव आहे. तेवढा काढून दाखवा.” मी पाणी मागवले. चहाही मागवला. हजेरीपट रद्दीत गेला आणि त्याखाली माझी सही आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. “चौकशी करतो,” एवढेच म्हणालो.

माझे काही सहकारी म्हणतात, संग्रहालयांनी पोट भरत नाही, आधी कामगारांची देणी द्या. युक्तिवाद वजनदार वाटतो, पण तो उलटाच आहे. देणी ठरतात ती याच कागदांवरून. फुप्फुसात धूळ साठून आजारी पडलेल्या खाणकामगाराला, तो त्या खाणीत होता हे आधी सिद्ध करावे लागते. ज्या वाचकांची मुळे परळ-लालबागेत आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण कामावर होतो याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा किती घरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या उपसल्या गेल्या असतील! जो पुरावा गिरणीने ठेवावयाचा, तो कामगाराच्या विधवेने शोधावयाचा.

दिग्बोईतच एप्रिल १९३९ मध्ये तेलकामगारांचा मोठा संप झाला. गोळीबारात तीन माणसे मेली. प्रांतात तेव्हा गोपीनाथ बारदोलोईंचे काँग्रेसप्रणीत मंत्रिमंडळ होते. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि संप मोडला. हा इतिहास कंपनीच्या दालनात शोधणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे होय. कंपनीने आपली विहीर जपली, तिचे काम तिने केले. संपाचे, अपघातांचे, करारांचे कागद जपण्याचे काम शासनाचे आहे, आणि तेही दिल्लीच्या तळघरात नव्हे, त्याच गावात.

याला फार पैसा लागत नाही. बंदीच्या आदेशात एक कलम घालावे: हजेरीपट, अपघातनोंदी व संघटनांशी झालेले करार यांची यादी अभिलेखागाराच्या प्रतिनिधीसमोर झाल्याशिवाय लिलाव नाही. लिलावाच्या रकमेतून काही अंश बाजूला काढून कारखान्याची एखादी इमारत, टाइमकीपरची कचेरी का होईना, गावाकडे राखावी. गाव तिचे संग्रहालय करील किंवा न करील. पण फिटरच्या मुलाला विचारावयास एक खिडकी तरी उरेल.

दिल्लीला परतलो तेव्हा मेजावर आणखी एका बंद कारखान्याची नस्ती होती. परिशिष्टाच्या शेवटी तीच ओळ होती, शब्दही तेच. मी त्या ओळीसमोर १९९३ च्या कायद्याचा हवाला देऊन हरकत नोंदवली आणि नस्ती परत पाठवली. त्याला आता सात आठवडे झाले. दरम्यान दोनदा फोन आला, विलंब का होतो आहे, म्हणून.